मिरवणुकीत तापली की बंद पडते: ऑटोव्हॅकवाल्या रोल्स-रॉइस २०/२५ चं दुखणं कसं शोधायचं

थंड असताना गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास काही तक्रार नसते. मग रॅलीची रांग लागते, माणसाच्या चालीने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकावं लागतं, ऊन वर येतं आणि गाडी बंद पडते. स्टार्टर फिरतो, पण इंजिन घेत नाही. बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होते आणि पुढच्या चौकात परत तेच.

ही नोंद १९२९ ते १९३६ या काळातल्या रोल्स-रॉइस २०/२५ साठी आहे: ३,६६९ सीसी, सहा सिलिंडर, आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणणारा ऑटोव्हॅक. तिच्या आधीच्या ‘ट्वेंटी’लाही (१९२२ ते १९२९) जवळजवळ सगळं लागू पडतं. फँटम १ आणि फँटम २ मध्ये नळ्यांची मांडणी वेगळी असली तरी तपासायचा क्रम हाच ठेवावा.

हत्यारं बाहेर काढण्याआधी एक गोष्ट. डर्बीच्या कारखान्यातून फक्त चालतं चॅसिस निघायचं. बॉडी हूपर, बार्कर, विंडोव्हर्स, थ्रप अँड मेबर्ली यांच्यासारखे कोचबिल्डर गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणे अ‍ॅश लाकडाच्या सांगाड्यावर हाताने पत्रा बसवून बांधायचे. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची १९३४ ची फँटम २ ‘स्टार ऑफ इंडिया’ किंवा इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी गर्नी नटिंगने बॉडी चढवलेली ड्युसेनबर्ग, अशा गाड्यांना जगात जोडीदार नाही. तुमच्या २०/२५ चंही बहुधा तेच असेल. इंजिनाचे सुटे भाग आजही इंग्लंडमधून नवे बनवून मिळतात, बॉडीचं काहीच मिळत नाही. म्हणून खाली दिलेल्या कुठल्याही कामात भोक पाडायचं नाही, कापायचं नाही, आणि जे बसवलं ते जसंच्या तसं काढता आलं पाहिजे. पेट्रोलचं काम करताना मडगार्डवर जाड सुती चादर टाका. जुन्या सेल्युलोज रंगावर पेट्रोलचा एक थेंब सुकला तरी डाग कायमचा राहतो. अग्निशामक जवळ हवाच, पण तो कार्बन डायऑक्साइडचा घ्या. कोरड्या पावडरने आग विझते, मात्र ती पावडर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात आणि लाकडाच्या सांध्यांत शिरून नंतर धातू खात बसते.

लक्षणं: कशी बंद पडते ते आधी नीट बघा

‘तापली की बंद पडते’ या एका तक्रारीमागे किमान चार वेगळी दुखणी असतात. बंद पडतानाचे शेवटचे दहा सेकंद लक्ष देऊन ऐकले तर निम्मं काम तिथेच होतं.

हळूहळू ओढ कमी होत गेली, कार्ब्युरेटरमधून एक-दोन फुसके आवाज आले, मिश्रणाचा दांडा ‘स्ट्राँग’कडे (पेट्रोल वाढवायच्या बाजूला) नेल्यावर क्षणभर जीव आला आणि मग बंद: पेट्रोल पोचत नाहीये.

बटण दाबून बंद केल्यासारखी एकदम बंद, ना खोकला ना धक्का: करंट गेलाय. कॉइल (ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवणारी), कंडेन्सर (तिच्या जोडीचा छोटा विजेचा भाग) किंवा एखादी ढिली तार.

आधी आयडलिंगला जड झाली, मागून काळा धूर, कच्च्या पेट्रोलचा वास, मग बंद: पेट्रोल जास्त जातंय. याचं मूळ कार्ब्युरेटरच्या, पेट्रोल अडवणाऱ्या सुईत असतं किंवा, बऱ्याच वेळा, ऑटोव्हॅकच्या बुडालेल्या फ्लोटमध्ये (आतल्या तरंगत्या पोकळ डबीत).

डॅशबोर्डवरचा पाण्याच्या तापमानाचा काटा आधी चढला, रेडिएटरच्या झाकणाकडून वाफ आली आणि त्यानंतर बंद: मूळ दुखणं कूलिंगचं. पेट्रोल तापणं हा त्याचा परिणाम.

पाचवं लक्षण चौकातलं नाही, घाटातलं आहे. लांब चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवला की गाडी मरते, पाय उचलला की पुन्हा घेते. तो ऑटोव्हॅकचा स्वभाव आहे. त्यावर पुढे लिहिलंय.

आणखी एक खूण. काटा नेहमीच्या जागी असतानाही गाडी बंद पडत असेल तर रेडिएटरवाल्याकडे जाऊ नका. या तक्रारीवर सगळ्यांत जास्त पैसा आणि सगळ्यांत जास्त नुकसान विनाकारण उघडलेल्या रेडिएटरवर झालेलं आहे.

फुकटातल्या तपासण्या

स्टिअरिंगवरचे दांडे. इग्निशनचा दांडा सुरू करताना ‘लेट’वर नेला आणि तिथेच विसरला असं फार वेळा होतं, विशेषतः मिरवणुकीत नवा माणूस चालवत असेल तर. ठिणगी उशिरा पडली की जळण एक्झॉस्टमध्ये चालू राहतं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारी ओतीव नळी) लाल होईस्तोवर तापतो आणि बॉनेटखालचं सगळं त्याबरोबर तापतं. इंजिन लागलं की दांडा ‘अर्ली’कडे आणायचा.

रेडिएटरसमोर काय टांगलंय ते बघा. रॅलीचा नंबराचा बोर्ड, क्लबचे बिल्ले लावायची पट्टी, वर झेंडूचे हार. पूजेचा हार दिसायला शोभतो, पण हळू चालीत रेडिएटरमधून जाणारी हवा आधीच कमी असते आणि तीच तो अडवतो. हार हेडलाइटला बांधा, बोर्ड मागच्या स्पेअर व्हीलवर.

शटर. या गाडीच्या रेडिएटरसमोर उभ्या पट्ट्या असतात. सुरुवातीच्या गाड्यांत त्या हाताने उघडायच्या, १९३२ च्या सुमारापासून थर्मोस्टॅटने (पाणी तापलं की आपोआप) उघडतात. इंजिन तापल्यावर समोर उभं राहून बघा: सगळ्या पट्ट्या सारख्या उघड्यात का? अर्धवट अडकल्या असतील तर सांध्यांत साचलेलं जुनं पॉलिश आणि धूळ मऊ ब्रशने काढा आणि पातळ तेलाचा एकेक थेंब सोडा. ऐन रॅलीत थर्मोस्टॅट मेला तर जोडदांडा सोडवून पट्ट्या उघड्या ठेवा आणि सुती फितीने बांधा. तारेने बांधू नका, ओरखडे जात नाहीत.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण. मागच्या टाकीला हवा आत घ्यायला बारीक वाट असते. ती बुजली की पेट्रोल जसं संपत जातं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि शेवटी ऑटोव्हॅकची ओढ हरते. बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा ‘सूं’ आवाज आला आणि त्यानंतर गाडी लागली तर दुखणं सापडलं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असतं. लाकडी काडीने काढा, खिळ्याने भोक मोठं करू नका.

फॅनचा पट्टा. दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबला तर साधारण सव्वा सेंटीमीटर दबावा. चकचकीत झालेला पट्टा ताणला तरी घसरतो, तो बदला.

पेट्रोल

ही तपासणी जवळजवळ फुकट असते, तरी लोक ती शेवटी करतात. २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत नोंदवलेली व्हिंटेज गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. त्यामुळे टाकीत सहा-सहा महिने तेच पेट्रोल पडून राहतं. त्यातला सहज उडणारा भाग उडून जातो, खाली डिंकासारखा थर उरतो आणि तो पुढे जाळीत जमतो.

दुसरा प्रश्न इथेनॉलचा. आज पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या गाडीला त्याचे चार त्रास होतात. मिश्रण विरळ होतं, त्यामुळे इंजिन आणखी तापतं. पेट्रोलचा बराच भाग ८० अंशांच्या आत उकळतो, आणि उन्हाळ्यात बॉनेटखाली तेवढं तापमान सहज होतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. शिवाय जुनी गॅस्केट, शेलॅक आणि साधं रबर त्यात विरघळून बारीक चुरा होतो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे घरी मोजता येतं. १०० मिलीचं काचेचं मोजपात्र घ्या, १० मिली पाणी घाला, १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरा. बूच लावून हलकं हलवा, मध्येच बूच उघडून वाफ सोडा, दहा मिनिटं स्थिर ठेवा. खालच्या पाण्याची पातळी १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. २० टक्के असेल तर ती २८ च्या आसपास चढते, कारण वरच्या ९० मिलीतलं जवळजवळ १८ मिली इथेनॉल पाण्यात उतरतं. महागड्या पेट्रोलच्या पाटीवर विश्वास न ठेवता प्रत्येक पंपाची ही चाचणी करा. ऑक्टेनच्या मागे लागू नका. या इंजिनाचं कॉम्प्रेशन सहाच्या आत आहे, साध्या पेट्रोलचा ऑक्टेन त्याला भरपूर होतो. बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळत नसेल तर निदान रॅलीच्या आदल्या दिवशी ताजं भरा, रॅलीत मिश्रणाचा दांडा किंचित ‘स्ट्राँग’कडे ठेवा आणि परत आल्यावर टाकी रिकामी करा.

करंट

गाडी एकदम बंद पडत असेल तरच हा भाग आधी घ्या. २०/२५ मध्ये राखीव व्यवस्था मुळातच दिलेली आहे: सुरुवातीच्या गाड्यांत राखीव मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र), नंतरच्या गाड्यांत राखीव कॉइल. बंद पडल्याबरोबर राखीववर घेऊन बघा. लागली, तर पहिली कॉइल किंवा तिची जोडणी दोषी.

राखीव नसेल तर एक जादा प्लग खिशात ठेवा. बंद पडल्यावर मिनिटाच्या आत तो एका प्लगच्या तारेला लावून त्याची बॉडी इंजिनाला टेकवा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. निळी, टणक ठिणगी म्हणजे करंट ठीक. पिवळी, तुटक किंवा अजिबात नाही म्हणजे कॉइल अथवा कंडेन्सर. ही परीक्षा लगेच घ्यायला हवी, कारण थंड झालेली कॉइल पुन्हा व्यवस्थित काम करू लागते आणि मग दोष दिसत नाही. पेट्रोल सांडलेलं असेल किंवा वास येत असेल तर ही परीक्षा अजिबात करू नका.

कंडेन्सर कॉइलपेक्षा स्वस्त आणि जास्त वेळा मरतो. ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा चांगला नवा कंडेन्सर बसवा. जुना जागेवरच राहू द्या, फक्त त्याची तार सोडवा. जुना तसाच जोडलेला ठेवून वर नवा लावला तर जुन्याचा शॉर्ट कायम राहतो. पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) निळसर जळलेले असतील किंवा एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झाला असेल तर तेही कंडेन्सरचंच लक्षण. पॉइंटचं अंतर हँडबुकात दिलंय तेवढंच ठेवा.

कॉइल बदलायची वेळ आली तर एक धोका लक्षात ठेवा. मूळ कॉइलबरोबर बाहेर एक बॅलास्ट रेझिस्टन्स (करंट मर्यादेत ठेवणारा भाग) असतो. नवी कॉइल त्याच्याबरोबर चालणारी आहे की स्वतःचा रेझिस्टन्स पोटात असलेली, हे विचारूनच घ्या. दोन्ही एकत्र आले तर ठिणगी अशक्त होते, दोन्ही नसले तर कॉइल जळते. इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून मिरवणुकीत थांबणं ही कॉइल मारायची खात्रीची रीत आहे.

ऑटोव्हॅक

बहुतेक वेळा उत्तर इथे असतं, म्हणून हे यंत्र समजून घेऊन मगच हात लावा.

बल्कहेडवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पडद्यावर) उभा डबा असतो, आत दुसरा छोटा डबा. इंजिनाच्या इनलेट मॅनिफोल्डची (मिश्रण आत नेणाऱ्या नळीची) ओढ आतल्या डब्याला जोडलेली असते. त्या ओढीने मागच्या टाकीतून पेट्रोल वर येतं. आतला डबा भरला की फ्लोट वर जातो आणि स्प्रिंगवर उडणारी जोडणी एका झटक्यात दोन कामं करते: ओढीची झडप बंद, हवेची झडप उघडी. हवा मिळाली की पेट्रोल स्वतःच्या वजनाने तळाच्या फ्लॅप झडपेतून बाहेरच्या डब्यात उतरतं आणि तिथून नळीने कार्ब्युरेटरकडे जातं. फ्लोट खाली आला की पुन्हा ओढ सुरू. बाहेरच्या डब्याला हवेची वाट कायम उघडी असावी लागते.

पेट्रोल एक मीटर उचलायला पाऱ्याच्या जेमतेम दोन इंच (ओढ अशी मोजतात) ओढ लागते. आयडलिंगला निरोगी इंजिनाची ओढ पंधरा-वीस इंच असते, म्हणजे कमतरता क्वचितच पडते. ती पडते पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर, कारण थ्रॉटल उघडलं की ओढ जवळजवळ शून्यावर येते आणि गाडी बाहेरच्या डब्यातल्या साठ्यावर चालते. लांब चढावर तो साठा संपतो. दर मिनिटाला दोन-तीन सेकंद पाय उचलला की डबा भरतो. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

मिरवणुकीत मात्र उलट घडतं, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. ओढीखाली पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. वाट मोकळी असेल तर पेट्रोल लगेच वर येतं आणि आतल्या डब्यात खोल पोकळी होतच नाही. पण जाळी अर्धी बुजलेली असेल तर पेट्रोल हळू येतं, आयडलिंगची तीव्र ओढ नळीतल्या तापलेल्या पेट्रोलवर पडते आणि ते तिथेच उकळतं. मग पंपासारखी उचल न होता नुसती वाफ ओढली जाते. लोक याला ‘व्हेपर लॉक’ म्हणून नळ्यांना कापड गुंडाळत बसतात, आणि खरा दोष रुपयाएवढ्या जाळीत असतो. म्हणून क्रम असा ठेवा.

पहिलं: बंद पडल्यावर ओलं कापड ऑटोव्हॅकवर आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरवर ठेवा. दोन-तीन मिनिटांत लागली तर वाफेचा त्रास नक्की. पाणी ओतू नका. तापलेल्या ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर तो तडकतो.

दुसरं: इंजिन थंड झाल्यावर ऑटोव्हॅकच्या वरचा बूच काढून नरसाळ्याने अर्धा लिटर स्वच्छ पेट्रोल भरा आणि चालवून बघा. ही गाडी लिटरला साधारण पाच-सहा किलोमीटर देते. व्यवस्थित चालून अडीच-तीन किलोमीटरवर मेली तर कार्ब्युरेटर आणि करंट निर्दोष आहेत, पेट्रोल वर येत नाहीये. भरूनही लागली नाही तर दोष ऑटोव्हॅकच्या पुढे आहे: खालची नळी, कार्ब्युरेटरची जाळी किंवा सुई.

तिसरं: ऑटोव्हॅकच्या तोंडाशी असलेली जाळी काढा, दुसऱ्या भांड्यातल्या पेट्रोलमध्ये बुडवून मऊ ब्रशने धुवा. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या जाळीवरही डिंकाचा पारदर्शक थर असतो. प्रकाशाकडे धरून बघा, प्रत्येक भोक उघडं दिसलं पाहिजे.

चौथं: युनियन, म्हणजे नळ्यांचे नटाने आवळलेले सांधे. ओढीच्या आणि टाकीकडच्या नळीच्या प्रत्येक युनियनमधून हवा शिरू शकते, आणि तिथून पेट्रोल बाहेर गळत नाही म्हणून संशय येत नाही. नेमक्या मापाच्या पान्याने हलकं घट्ट करा. पितळी नटवर अ‍ॅडजस्टेबल पाना लावू नका. नळीला धागा गुंडाळून किंवा टेफ्लॉनची पट्टी लावून सांधू नका, तिचे तुकडे थेट फ्लॅप झडपेत जाऊन बसतात.

पाचवं: टाकीकडची नळी. टाकीचं झाकण उघडं ठेवून ऑटोव्हॅकच्या बाजूने सायकलच्या पंपाने हळू हवा द्या. टाकीत सलग बुडबुडे ऐकू आले पाहिजेत. कॉम्प्रेसर लावू नका, जुन्या टाकीच्या झाळलेल्या शिवणी उघडतात.

सहावं: बाहेरच्या डब्याची हवेची वाट. पॉलिश, रंग, कुंभारमाशी. ही बुजली की डब्यात पेट्रोल असूनही खाली उतरत नाही.

इथवर काही सापडलं नाही तरच झाकण उघडा. बॅटरीची तार काढा, डबा रिकामा करा, झाकणाची आणि डब्याची दिशा पेन्सिलीने खूण करून फोटो काढा. आत चार गोष्टी बघायच्या.

फ्लॅप झडपेखाली कचऱ्याचा एक कण असला तरी आतला डबा ओढ धरत नाही. धागे न सुटणाऱ्या सुती कापडाने पुसा. कानस किंवा घासकागद लावू नका.

फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो भोकलाय. असा फ्लोट वर येत नाही, ओढीची झडप बंद होत नाही आणि पेट्रोल सरळ मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं. काळ्या धुराचं कारण हे. भोक शोधायला फ्लोट गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील. आत पेट्रोल असताना झाळायला घेऊ नका, फ्लोट फुटून हात-डोळे जातात. ते काम जाणकाराला द्या.

उडत्या जोडणीच्या स्प्रिंगा दोन्हीकडे ‘टक’ असा आवाज करत उडाल्या पाहिजेत. मध्येच रेंगाळत असतील तर दोन्ही झडपा अर्ध्या उघड्या राहतात आणि काहीच नीट होत नाही. स्प्रिंग ताणून कडक करू नका, नवी जोडी मागवा.

झाकण ओतीव धातूचं असतं आणि वयाने वाकतं. काचेवर उलटं ठेवून बघा, डुललं तर वाकलंय. वाकलेलं झाकण स्क्रू आवळून बसवलं तर तडकतं. गॅस्केट पेट्रोल सहन करणाऱ्या कागदाची घ्या आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

विजेचा पंप बसवायचा का? टाकीजवळ बसवलेला छोटा पंप आणीबाणीत उपयोगी पडतो, आणि घाटात जाणाऱ्यांनी तो ठेवावा असं आमचं मत. पण या कार्ब्युरेटरची सुई वजनाने उतरणाऱ्या पेट्रोलसाठी बनलेली आहे. अर्धा मीटर उंचीवरून येणाऱ्या पेट्रोलचा दाब जेमतेम अर्धा पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो. बाजारात मिळणारा साधारण चार पीएसआयचा पंप सुईला उचलून धरतो आणि पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडतं. अशानेच गाड्या पेटतात. म्हणून पंपाने पेट्रोल ऑटोव्हॅकपर्यंतच पोचवावं किंवा कमी दाबाचा रेग्युलेटर असावा. धक्का बसल्यावर बंद होणारा स्विच असावा, आणि पंप चॅसिसच्या मूळ भोकांवर पट्टीने बसवावा. ऑटोव्हॅक काढून टाकू नका.

कूलिंग

काटा खरोखर चढत असेल तरच इकडे या. रेडिएटरला दाबाचं झाकण नाही, म्हणून पाणी आजूबाजूच्या हवेच्या दाबालाच उकळतं. समुद्रसपाटीला १०० अंशांवर, तर १,३७२ मीटर उंचीच्या महाबळेश्वरात ९५ च्या थोडं वर. मुंबईत ठीक वाटणारी गाडी तिथे उकळते ती यामुळे.

इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या रबरी नळीचं तापमान घ्या. चकचकीत निकेलवर किंवा पितळेवर मोजलं तर आकडा खोटा येतो, म्हणून रबरावरच मोजा. वर-खाली दहा-पंधरा अंशांचा फरक ठीक. फरक फारच कमी असेल तर रेडिएटर उष्णता सोडत नाही, म्हणजे आधी हवेचा मार्ग बघा. फार जास्त असेल तर पाणी हळू फिरतंय: पंप किंवा बुजलेला मार्ग. मग सिलिंडर ब्लॉकच्या पुढच्या आणि मागच्या भागाचं तापमान घ्या. गंजाचा गाळ मागच्या सिलिंडरांभोवती साचतो, म्हणून मागचा भाग स्पष्ट जास्त गरम असेल तर ब्लॉक आतून भरलाय.

बोअरचं पाणी कधीच घालू नका. तीन भाग डिस्टिल्ड पाणी आणि एक भाग जुन्या धर्तीचं निळं अँटिफ्रीझ. रेडिएटरच्या दुकानात अ‍ॅसिडने धुऊन घेऊ नका. अ‍ॅसिड गंजाआधी झाळ आणि अ‍ॅल्युमिनियम खातं, आणि जो गंज गळती थोपवून होता तोही निघून जातो.

इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सलग बुडबुडे, तेलात दुधाळपणा, किंवा थंड असताना एका सिलिंडरमधून पांढरी वाफ दिसली तर तपास तिथेच थांबवा. गाडी चालवू नका, ट्रेलरवर घाला.

कुठे थांबायचं

हेड, ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा, पाण्याचा पंप, रेडिएटरची जाळी, केबिनमध्ये येणारा पेट्रोलचा वास आणि कापडी आवरण सुटलेली मूळ वायरिंग, ही घरची कामं नाहीत. डर्बीचं इंजिन आधी उघडलेला माणूसच बोलवा. चांगला ट्रॅक्टर मिस्त्री चांगला असतो, पण जुन्या हेडचे स्टड तो नेहमीच्या जोराने फिरवतो आणि स्टड ब्लॉकमध्येच तुटतो.

रेडिएटर काढायची वेळ आलीच तर तुम्ही स्वतः समोर उभे राहा. बॉनेटची बिजागरी पुढे रेडिएटरवर आणि मागे बल्कहेडवर टेकलेली असते. रेडिएटरखाली टेकू म्हणून घातलेल्या पट्ट्यांची संख्या किंवा जाडी बदलली तर बॉनेटच्या फटी पसरतात आणि दारापर्यंतची रेघ मोडते. प्रत्येक बाजूच्या पट्ट्या वेगळ्या पिशवीत घालून ‘डावी’, ‘उजवी’ लिहा, आणि काढण्याआधी बॉनेटच्या चारही फटी फीलर गेजने मोजून ठेवा. गाडी जॅकवर असताना दारं उघडू नका. एका चाकावर उचललेलं चॅसिस पिळतं आणि जुनं अ‍ॅश लाकूड दाराच्या खांबात फाटतं.

मिस्त्रीला गाडी देताना सोबत एक कागद द्या: बंद पडली तेव्हाचं पाण्याचं तापमान, हवेचं तापमान, सुरू होऊन किती मिनिटं झाली, बंद होण्याची तऱ्हा, वरच्यापैकी कुठल्या तपासण्या झाल्या आणि कुठला भाग बदलला. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबरही लिहा. रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे या गाड्यांची मूळ चॅसिस कार्डं जपलेली आहेत. तुमच्या चॅसिसवर कारखान्यातून काय बसून निघालं होतं हे तिथून कळतं, आणि ऑटोव्हॅकचे किंवा इग्निशनचे सुटे भाग मागवताना चुकीची जोडी येत नाही. काढलेले मूळ भाग, अगदी मेलेला कंडेन्सरसुद्धा, चिठ्ठी लावून गाडीबरोबर ठेवायला सांगा.